शेंडे मॅडमच्या दोन भिंती

शेंडे मॅडमचा राग आमच्या कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होता. त्या ओरडायच्या, दार आपटायच्या, पोरांच्या वह्या खिडकीबाहेर फेकायच्या, आणि थोड्या वेळानं सगळं विसरून चहा मागायच्या. माझा राग कोणालाच ठाऊक नाही. मला राग आला की झाडू जोरात चालतो आणि तोंड बंद राहतं. म्हणून हे लिहिते आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. हे कोणाला दाखवायचं नाही, पण कुठंतरी असू द्यायचं आहे, कारण कॉलेजातून मॅडमचं नाव पुसायचं काम जोरात चालू आहे. प्रयोगशाळेच्या दारावरची त्यांची पाटी काढायला मलाच सांगितलं होतं. स्क्रू गंजलेले होते. मी म्हटलं, निघत नाही. पाटी अजून तिथंच आहे.

कॉलेज चंद्रपूरच्या बाहेर, खाणीच्या बाजूला. दुपारी खाणीत ब्लास्टिंग झालं की वर्गातल्या काचा वाजतात, आणि कोणी मान वर करून पाहत नाही. मी तिथं सफाईला लागले तेव्हा मला मागच्या मोठ्या टिनाच्या हॉलमध्ये, मॅडमच्या प्रयोगशाळेत पाठवलं. आधीच्या दोन बायका मॅडमच्या तोंडाला कंटाळून निघून गेल्या होत्या. मी बोलतच नाही, म्हणून टिकेन असं कोणाला तरी वाटलं असेल.

त्या हॉलची फरशी माणसाच्या उंचीएवढी जाड होती म्हणे. मधोमध लोखंडी चौकट उभी, घराहून उंच. त्या चौकटीपुढं सिमेंट-लोखंडाची भिंत बांधायची, तिचा पाया फरशीला बोल्टनं आवळायचा, आणि वरच्या टोकाला जॅक लावायचा. जॅक भिंतीला आधी नदीच्या बाजूला ढकलायचा, मग फाटकाच्या बाजूला ओढायचा. मग पुन्हा नदीकडं, थोडं जास्त. पुन्हा फाटकाकडं, थोडं जास्त. भूकंपात भिंतीचं असंच होतं, फक्त फार भरकन होतं. इथं मॅडम ते हळूहळू करायच्या, म्हणजे डोळ्यांनी दिसावं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला चुन्याची बादली दिली नि म्हणाल्या, "हिले चुना मार."

धानोऱ्याकडच्या माझ्या माहेरी कुडाच्या भिंती. सणाला आम्ही बायका त्या अशा सारवतो की हात फिरवावासा वाटतो. तसंच मन लावून मी चुन्याचे दोन हात दिले, वरून चिमूटभर नीळही टाकली. भिंत नव्या नवरीसारखी दिसत होती. मॅडम आल्या. साडी, आणि साडीखाली पुरुषांचे काळे लोखंडी टोकाचे बूट. भिंतीपुढं उभ्या राहिल्या.

"हे काय? लग्न आहे का भिंतीचं?"

मी खाली पाहिलं.

"अवं बाई, मले तडा पाहायचा आहे, तडा! केसाएवढा! तू तर तिचं तोंडच झाकून टाकलं. खरवड सगळं. ताकासारखा पातळ मार. एकच हात."

मी दिवसभर खरवडत बसले. रागानं माझे कान गरम झाले होते. संध्याकाळी त्या स्वतः आल्या, पदर खोचला, दुसरी खरवडणी घेतली आणि माझ्या बाजूला बसून कोपरा खरवडायला लागल्या. माफी वगैरे काही नाही. म्हणाल्या, "तुह्या हाताले वळण चांगलं आहे. मीच आधी सांगाले पाह्यजे होतं. नाव काय?"

"मैना."

"मोठ्यानं सांग."

त्यांच्याशी मोठ्यानं बोलणं मला शेवटपर्यंत जमलं नाही, एकदा सोडून. ते पुढं येईल.

पातळ चुन्यावर तडे कसे दिसतात ते मी त्या आठवड्यात पाहिलं. भिंत नदीकडं ढकलली की तिरप्या रेघा उठायच्या, पोरं त्या लाल पेनानं गिरवायची. फाटकाकडं ओढली की उलट्या बाजूच्या रेघा, त्या निळ्या. पहिल्या रेघा तेव्हा मिटायच्या. होता होता भिंतीवर लाल-निळ्या फुल्याच फुल्या. मॅडम कॉम्प्युटरपुढं बसून ओरडायच्या, "परत!" जॅक फिरायचा. "परत!" दिवसभर तोच शब्द. वर्गातही तोच. पोरानं उत्तर बरोबर दिलं तरी "परत." पोरं कावायची. एकानं विचारलं, "मॅडम, बरोबर तर आहे, मंग परत काऊन?"

त्यांनी त्याला पुढं बोलावलं. वांढरे नावाचं धडधाकट पोरगं. त्यांनी त्याच्या छातीवर हात ठेवून एक धक्का दिला. तो हललाही नाही. पोरं हसली.

"पहा. उभा आहे. पास," मॅडम म्हणाल्या. मग दोन्ही खांदे धरून त्यांनी त्याला पुढं-मागं, पुढं-मागं हलवायला सुरुवात केली. पोरगं आधी हसत होतं, मग हात पसरायला लागलं, मग त्याचा पाय पायात अडकला आणि तो बाकावर बसला.

"एका धक्क्याले कोणीबी उभं राहते," मॅडम धापा टाकत म्हणाल्या. "भिंत कशी आहे ते परतपरतच्या धक्क्यात समजते. माणूसबी." मग वांढरेला म्हणाल्या, "लागलं काय रे? चहा पी."

मला त्या कॉम्प्युटरमधलं मॉडेल समजावून सांगायच्या. मी विचारलं नव्हतं, पण त्यांना कोणालातरी सांगितल्याशिवाय राहवायचं नाही आणि मी बादली घेऊन तिथंच असायची. "शहरातल्या सगळ्या भिंती इथी आणून मोडता येतात का? नाई ना? म्हणून या डब्यात एक भिंत बांधतो. सिमेंट किती, सळाख किती, कुठी, कशी, सगळं त्याले सांगतो. मंग डब्यातल्या भिंतीले ढकलतो. खरी जशी मोडली तशीच डब्यातली मोडली पाह्यजे. मंग त्या डब्याले कोणत्याबी बिल्डिंगची भिंत विचारावं." पडद्यावर खऱ्या भिंतीची लाल रेघ जायची नि यायची. गेलेल्या वाटेनं ती परत यायची नाही, त्यामुळं माशासारखं एक लांबट कडं व्हायचं, त्यात दुसरं, त्यात तिसरं. डब्यातल्या भिंतीची काळी रेघ त्या लालवर बसली की मॅडम टेबलावर थाप मारायच्या. नाही बसली की पोरांचा दिवस वाईट जायचा.

त्यांच्या आणखी सवयी सांगते. त्या कोणत्याच भिंतीला टेकत नसत. बसस्टँडवर, दवाखान्यात, लग्नात, कुठंही. उलट बोटांच्या पेरांनी ठोकून पाहायच्या. मला एकदा ताप आला तर जेवणाचा डबा घेऊन माझ्या खोलीवर आल्या. भात आणि जवसाची चटणी. मी उठून बसायच्या आत त्यांनी चारी भिंती ठोकल्या आणि घरमालकाला हाक मारली. "भाऊ, हे कोणं बांधलं?" तो म्हणाला, मीच उभं राहून बांधून घेतलं. "उभं राहून डोळे मिटले होते काय?" तेव्हापासून घरमालक मला 'तुह्या त्या मॅडम' असं जपून म्हणतो. त्या चामोर्शीकडच्या. आईवडील दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवणीला जायचे. घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि त्याच्याखाली बसून अभ्यास. एवढंच मला माहीत आहे, तेही त्या चटणी वाटताना बोलल्या म्हणून.

आता होस्टेलचं सांगायला हवं, कारण माझा राग तिथं आहे.

कॉलेजच्या संस्थेनं मुलींचं नवं होस्टेल बांधायला काढलं. विटांचं नाही, सिमेंट-लोखंडाच्याच भिंतींचं. गडचिरोलीकडच्या मुलींसाठी. माझ्या भावाची मुलगी रोशनी तेव्हा कॉलेजात आली होती आणि माझ्या एका खोलीत आम्ही तिघं-चौघं दाटीनं राहत होतो. तिचा अभ्यास चुलीच्या धुरात. होस्टेल झालं नाही तर ती गावी परत जाणार हे ठरलेलं होतं, आणि गावी परत गेली की तेंदूपत्ता, मोहफूल आणि लग्न. तेव्हा होस्टेलच्या एकेका स्लॅबवर माझी नजर असायची. कोणाला वाटेल मला घाई नव्हती, तर होती.

सरकारच्या वरच्या कार्यालयाला इमारत भूकंपात टिकेल असा अहवाल लागत होता. तो मॅडमनी द्यायचा. त्यांनी सांगितलं, आधी तशी एक भिंत बांधून मोडते, मग डब्याला विचारते, मग सही. होस्टेलवरचे मिस्त्री बंडूभाऊच ती भिंत बांधायला आले. चांगला माणूस. मोठ्यानं बोलणारा, खर्रा खाणारा, मॅडमच्या पुढं मात्र पिचकारीसुद्धा लांब जाऊन टाकणारा.

भिंत बांधली, मी ताकासारखा चुना मारला, आणि ती भिंत काय टिकली! परत, परत, परत. फुल्या उठल्या, पण ती उभीच. काळी रेघ लाल रेघेवर अशी बसली की मॅडमनी पेढे मागवले. डब्यानं होस्टेलला पास केलं. अहवाल लिहून झाला. सही तेवढी बाकी होती, कारण सही करायच्या आधी जागेवर एकदा पाहून यायची त्यांची रीत. मोजपट्टी धरायला म्हणून मलाही सोबत नेलं.

खालचा मजला उभा झालेला होता. वरच्या मजल्याचं लोखंड बांधून उघडं होतं. मॅडम शिडीवरून वर गेल्या, मागोमाग मी, आणि त्या एकेक सळाख चाचपत गेल्या. मग एकदम, "बंडूभाऊ!"

भिंतीच्या कडांना उभ्या सळाखा असतात, त्यांच्याभोवती लोखंडी रिंगा घालतात. रिंगेची टोकं आत, सिमेंटच्या पोटात वळवायची असतात, म्हणजे धक्के बसले तरी रिंग उघडत नाही. इथं टोकं नुसती काटकोनात मुडपून सोडली होती. आणि रिंगा दूरदूर.

"हे काऊन असं? माझ्या भिंतीत तर टोकं आत होती!"

बंडूभाऊ खुशीत हसले. "ते तुमची भिंत होती ना मॅडम! तुमच्यासाठी एकेक रिंग मी स्वतः वाकवली. जवळजवळ बांधल्या. सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं, बारदान गुंडाळलं. मी पोट्ट्यायले सांगितलं, मॅडमची भिंत आहे, नाक नाई कटलं पाह्यजे."

"आणि हे?"

"हे त काम आहे. सगळीकडं असंच होते."

"खालच्या मजल्यालेबी असंच आहे?"

"हो ना. पण मजबूत आहे मॅडम, उगाच घाबरू नका."

मॅडम खाली उतरून वाळूच्या ढिगावर बसल्या. मला वाटलं आता ओरडतील. ओरडल्या नाहीत. त्यांचा असा राग मी पहिल्यांदा पाहिला. "मी कोणाची परीक्षा घेतली मैनाबाई?" त्या म्हणाल्या. "होस्टेलची नाई घेतली. यायनं माझ्यावर जीव लावला, त्या जिवाची घेतली. आणि मी पेढे वाटले. होस्टेलचं लोखंड बांधताना एकदाबी येऊन नाई पाह्यलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बंडूभाऊंना सांगितलं, आणखी एक भिंत बांध, होस्टेलसारखी.

"म्हणजे वाईट बांधू?"

"वाईट नाई म्हणत मी. रोजच्यासारखी बांध."

"मंग रोजची वाईट आहे काय?"

"तेच पाहायचं आहे."

बंडूभाऊंचा चेहरा पडला. "एवढी वर्षं काम करून राह्यलो, मुद्दाम कमी बांध असं मले कोणं नाई म्हटलं." पण बांधली. तरी हात राहीनात. दुसऱ्या सकाळी बारदान आणि पाइप घेऊन हजर. मॅडमनी पाइप ओढून घेतला. "होस्टेलले इतकं पाणी मारलं होतं काय? मंग हिले काऊन?" दोघं पाइप धरून उभे. इतका राग असताना मला हसू आलं, ते मी पदरात लपवलं.

भिंत मोडायच्या दिवशी संस्थेचे सचिव साहेब आले. फोटो काढणारा सोबत. त्यांना कोणी नीट सांगितलं नव्हतं, त्यांना वाटलं पुन्हा पेढे आहेत. मी चुना मारला होता. जॅकनं पहिला धक्का दिला. आधीच्या भिंतीवर आल्या होत्या तशाच बारीक रेघा. दुसऱ्या बाजूलाही तशाच.

सचिव साहेबांनी टाळी वाजवली. "उभी आहे की! झालं ना?"

"परत," मॅडम म्हणाल्या.

काही वेळ दोन्ही भिंतींत मला फरक दिसला नाही. मी मनात म्हणत होते, टिक, टिक. मला रोशनी दिसत होती. मग खालच्या कोपऱ्यात चुन्याचा एक पापुद्रा सुटला.

"परत."

कोपऱ्याचं सिमेंट सालीसारखं खाली आलं. आत सळाखा दिसल्या. पुढच्या फेरीला एक रिंग, मूठ उघडावी तशी, हळूच उघडली. तिच्यामागच्या सळाखा बाहेर वाकल्या. मग दुसरी रिंग. भिंत खाली पडली नाही, पण कोपऱ्यावर अशी बसली जसा थकलेला माणूस बसतो, आणि जॅकला तिचा भारच लागेना.

बंडूभाऊ खाली फरशीवर बसले.

सचिव साहेब म्हणाले, "ही कच्ची बनवली होती म्हणून."

"साहेब," बंडूभाऊ म्हणाले, "होस्टेलचीच आहे ही."

"तू गप रे. तुला कोणी विचारलं?"

फोटो न काढताच ते गेले.

पुढचे काही दिवस मॅडम डब्यात नवी भिंत बांधत होत्या. काळी रेघ लालवर बसेपर्यंत त्या जेवल्या नाहीत, आणि बसली तेव्हा टेबलावर थाप मारली नाही. मग त्यांनी डब्याला होस्टेल विचारलं. खालचा मजला कोपऱ्यांतून जात होता. उपाय होता. खालच्या कोपऱ्यांना बाहेरून नवं लोखंड नि नवं काँक्रीट चढवायचं, एक पावसाळा थांबायचं. तेच सांगायला त्या सचिव साहेबांकडं गेल्या. चहा घेऊन मी आत होते, म्हणून ऐकलं.

"मॅडम, इथं कुठं भूकंप होतो? आपण काय हिमालयात राहतो?"

"मागं तेलंगणाकडून हादरा आला तेव्हा तुमी पायजम्यावर रस्त्यात उभे होते म्हणे."

"मजा करू नका. रोज खाणीचे हादरे बसतात, काय झालं आजवर?"

"ब्लास्टिंग म्हणजे भूकंप नाई साहेब. खाण काचा वाजवते. भूकंप अख्खी बिल्डिंग धरून हलवते, आणि परतपरत हलवते."

"हे पाहा, पहिल्या भिंतीचा अहवाल तयार आहे. तो खोटा आहे का?"

"खोटा नाई."

"मग सही करा."

"ती भिंत तुमची नाई. तुमची भिंत हॉलमध्ये कोपऱ्यावर बसली आहे, जाऊन पाहा."

त्यांनी फाइल मिटली. मग गोड आवाजात म्हणाले, "संस्थेनं तुम्हाला पुढं आणलं, एवढी प्रयोगशाळा दिली. तुमच्यातल्या किती जणांना हे मिळतं? थोडी जाण ठेवावी माणसानं."

मॅडम उभ्या राहिल्या. "मुलाखत देऊन आली मी. पहिल्या नंबरानं. उपकारानं नाई आली. आणि तुमच्यातल्या म्हणजे कोणातल्या, ते तोंडानं बोला ना साहेब. परत बोला."

तसली माणसं एकदाच बोलतात.

मग जे करतात ते केलं. हॉलची चावी काढून घेतली. मॅडमला परीक्षेच्या कामाला लावलं, बाकांवर नंबर टाकायला. हॉलमध्ये लग्नाच्या मांडवासारख्या खुर्च्या रचल्या. आणि नागपूरहून एक साहेब आणला, टाय घातलेला. त्यानं मॅडमच्याच कॉम्प्युटरवरचं मॅडमचंच पहिलं मॉडेल उघडलं, पहिल्या भिंतीचं, आणि त्याच्यावर सही करून जेवून गेला. हे मला गिळवत नाही. त्यांनीच बांधलेली भिंत त्यांच्याच अंगावर ढकलली.

होस्टेलचे वरचे मजले चढत गेले. एक दिवस बंडूभाऊ बाकांवर नंबर टाकणाऱ्या मॅडमकडं आले. "मॅडम, वरचं सगळं मी तुमच्या भिंतीसारखं बांधलं. ठेकेदार बोंबलला, तरी टोकं आत वळवली."

मॅडमनी हातातला खडू बाकावर ठेवला. "भाऊ, भिंत खालून मोडते. वरून नाई."

बंडूभाऊ उभे होते तसेच गेले. त्यांच्यावर रागवावं की त्यांना पाणी द्यावं हे मला कळलं नाही.

उद्घाटनाची रांगोळी मीच काढली. बँड होता, फीत होती. सचिव साहेबांनी भाषणात सांगितलं की ही इमारत आधुनिक कॉम्प्युटर मॉडेलनं तपासलेली आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रोशनीनं पण वाजवल्या. तिला पहिल्या मजल्यावर खिडकीजवळची खाट मिळाली होती, आणि ती इतकी खूश होती की मला तिच्याकडं पाहवत नव्हतं.

त्याच आठवड्यात मॅडमनी मला जिन्यात गाठलं. "तुही भाची होस्टेलात गेली म्हणते. काढ तिले."

तेव्हा माझं तोंड उघडलं. एवढ्या वर्षांत एकदाच. "कुठी ठेवू मॅडम? माह्या खोलीत? का गावी धाडू? तुमी भिंत मोडली, सांगितलं, मोकळ्या झाल्या. आता माही पोरगी कुठी झोपन ते सांगा!"

जिन्यात पोरं थांबली होती.

"माझ्या घरी ठेव," त्या म्हणाल्या.

"आणि बाकीच्या?"

त्या बूट वाजवत खाली उतरल्या. मला त्यांचाच राग आला होता, आणि त्यांनी तो चुकवला नाही, अंगावर घेतला, हे मला पुष्कळ नंतर समजलं.

रोशनी त्यांच्या घरी गेली नाही. म्हणाली, "आत्या, सगळ्या जिथी राहतात तिथी मी राहतो." मॅडमनी वरच्या कार्यालयाला लिहून पाठवलं, उत्तर आलं नाही. परत पाठवलं. परत. शेवटी त्यांची तिकडं अमरावतीच्या बाजूला नोकरी लागली, किंवा धरावी लागली. पेढे नव्हते, निरोप नव्हता. खुर्च्यांच्या हॉलमध्ये त्यांची मोडकी भिंत अजून चौकटीपुढं होती. ती फार जड, काढायला पैसे लागतात, म्हणून राहिली.

जायच्या आदल्या रविवारी त्या होस्टेलच्या फाटकावर आल्या. स्कूटीवर चुन्याची बादली, दोन ब्रश. मला बोलावून घेतलेलं. वॉचमननं अडवलं. "मॅडम, परवानगी?"

"चुना माराले कोणाची परवानगी लागते? सफाई आहे. बाई तुमचीच आहे, विचारा तिले."

मी मान हलवली.

खालच्या मजल्यावर सायकली ठेवतात, तिथल्या भिंतींना पैसे वाचवायला प्लास्टर केलेलं नाही. मॅडमनी सायकली बाजूला केल्या. एकेक कोपरा, फरशीपासून कमरेएवढा. मी चुना कालवला. त्यांनी बोट बुडवून पाहिलं. काही बोलल्या नाहीत, म्हणजे बरोबर होता. आम्ही दोघी गुडघ्यावर बसून मारत गेलो. खाणीच्या बाजूनं उन्हाचा झोत येत होता. त्यांच्या काळ्या बुटांवर पांढरे थेंब.

वरून मुली उतरल्या. रोशनीही होती. "मॅडम, रंग काऊन?"

मॅडम उठल्या, गुडघे झटकले. "इकडं या सगळ्या. हा कोपरा रोज पाहायचा. सायकल काढताना. अशी तिरपी रेघ दिसली, केसाएवढी जरी, की सगळ्या बाहेर. वॉर्डनले विचारायचं नाई, सचिवाले विचारायचं नाई, सामान घ्यायचं नाई. मैदानात जाऊन उभं राहायचं आणि कोणी म्हटलं तरी आत नाई यायचं. समजलं?"

मुली घाबरून हो म्हणाल्या.

"परत सांगा."

मुलींनी परत सांगितलं. रोशनीचा आवाज त्यात सगळ्यात मोठा होता.

मग मॅडम माझ्याकडं वळल्या आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "यानं भिंत मजबूत होत नाई मैनाबाई. मोठा हादरा आला तर रेघ दिसाले वेळबी नाई देत. हे मी स्वतःले फसवून नाई राह्यली. पण छोटा आधी आला, तर दिसन." त्यांचे डोळे रागानं लाल होते. रागानंच, मला खात्री आहे. त्यांनी भिंत एकदा पेरांनी ठोकली, बादली माझ्या हातात दिली आणि स्कूटीवर बसल्या. फाटकाशी वळताना मान मागं करून ओरडल्या, "पातळ! जाड नको मारू!" कोपरापर्यंत हात पांढरा होता. तेवढा हात मला वळणापर्यंत दिसत राहिला.

रोशनी आता शेवटच्या वर्षाला आहे. सचिव साहेब मला फाटकात पाहून परवा म्हणाले, "मैनाबाई, होस्टेलची फार काळजी घेता तुम्ही. छान पांढरं ठेवता." मी नेहमीसारखी खाली पाहत उभी राहिले. चुना पावसाळ्यात ओलीनं जातो. तो गेला की मी बादली काढते, ताकासारखा कालवते, सायकली बाजूला करते, आणि परत मारते.